सात सीटची की पाच सीटची? आधी घरातली डोकी मोजा

(या भागाचं हे शब्दांकन. बोलताना झालेले ‘अं’, ‘म्हणजे काय ना’ आणि मागून येणाऱ्या कुकरच्या शिट्ट्या काढल्यात. बाकी जवळपास जसंच्या तसं.)

आजचा विषय असा की आमच्या ऑफिसच्या कँटीनमध्ये तो आठवड्यातून एकदा तरी निघतोच. घरासाठी एसयूव्ही घ्यायची आहे, तर मिडसाइझ घ्यावी की मोठी, सात सीटची? गेले सहा महिने हाच प्रश्न आमच्या घरात जेवणाच्या टेबलावर होता. आता तो सुटलाय, म्हणून बोलतोय.

आधीच सांगतो, मी गाड्यांचा तज्ज्ञ नाही. मी कोड लिहितो. पण बाबांनी ३१ वर्षं एसटीच्या डेपोत मेकॅनिक म्हणून काम केलंय, त्यामुळे यातलं जे शहाणपण वाटेल ते त्यांचं आणि जी आकडेमोड दिसेल ती माझी.

पाटणच्या अलीकडे

आमचं घर पुण्यात. घरात रोजची पाच माणसं: मी, बायको, आमची तीन वर्षांची मुलगी, आई आणि बाबा. गाव चिपळूणजवळ. तिथे आजी असते. धाकटा भाऊ बंगळुरूला, सणाला येतो. म्हणजे पाच अधिक दोन, सात. आणि गाडी होती बाबांनी घेतलेली जुनी हॅचबॅक.

मागच्या गणपतीत गावाहून परत येताना आजीच्या डोळ्यांची तपासणी होती, म्हणून तिलाही बरोबर घेतलं. पुढे मी आणि बाबा. मागे आई, आजी, भाऊ आणि बायको, बायकोच्या मांडीवर मुलगी. “होतंय रे, अॅडजस्ट करू,” असं प्रत्येकाने एकदा तरी म्हटलं. मीही म्हटलं.

कुंभार्ली घाट नीट चढलो. कोयनानगर मागे टाकलं. पाटणच्या अलीकडे एका फाट्यावरून दुचाकी अचानक रस्त्यावर आली आणि मी करकचून ब्रेक मारला. वेग चाळीसच्या आसपास असेल. कुणाला धक्का लागला नाही, दुचाकीवाला निघूनही गेला. पण बायकोला डुलकी लागलेली होती. मुलगी तिच्या हातातून पुढे गेली आणि पुढच्या सीटच्या हेडरेस्टच्या दांड्यावर तोंड आपटलं. ओठाला तीन टाके पडले.

डॉक्टरांनी टाके घातले आणि एकच विचारलं, “गाडीत किती जण होतात?” मी सात म्हटलं. ते काही बोलले नाहीत.

पुण्याला पोचेपर्यंत गाडीत कुणी बोललं नाही. रात्री बाबा म्हणाले, “मोठी गाडी घे. सात सीटची. एकदाच काय ते होऊन जाऊ दे.” मलाही ते पटलं. दुसऱ्या दिवसापासून मी शोरूम पाहायला लागलो. आणि पाहता पाहता लक्षात आलं की आपण चुकीच्या प्रश्नाचं उत्तर शोधतोय.

मोठी म्हणजे किती मोठी?

आधी मापं. आपल्याकडे मिडसाइझ म्हणजे साधारण ४.३ मीटरच्या गाड्या. क्रेटा ४,३३० मिलिमीटर लांब आणि १,७९० रुंद, ग्रँड विटारा ४,३४५ आणि १,७९५. यांना सीट पाच.

मोठी म्हणजे तीन रांगांच्या, ४.६ ते ४.८ मीटरच्या. एक्सयूव्ही ७०० ही ४,६९५ लांब आणि १,८९० रुंद, सफारी ४,६६८ आणि १,९२२, स्कॉर्पिओ-एन ४,६६२ आणि १,९१७, फॉर्च्युनर ४,७९५ आणि १,८५५.

अमेरिकेतून ऐकणाऱ्यांना हे वाचून हसू येईल. तिथे ‘फुल-साइझ’ म्हणजे शेव्हरोले टाहोसारखी सव्वापाच मीटरच्याही पुढची गाडी, आणि जवळपास पाच मीटरची हायलँडर तिथे मिडसाइझ. त्यामुळे यूट्यूबवर तिकडचे व्हिडिओ बघून इथला निर्णय घेऊ नका. शब्द तेच असले तरी गाड्या वेगळ्या आहेत.

म्हणजे फरक किती? लांबीत साधारण ३५ सेंटिमीटर, रुंदीत ६ ते १३. कागदावर काहीच नाही. पण त्या ३५ सेंटिमीटरमध्ये दोन माणसं बसवायची असतात. खरी गंमत तिथे आहे.

तिसऱ्या रांगेत नेमकं कोण बसणार?

हा प्रश्न शोरूममध्ये कुणी विचारत नाही. आपणही विचारत नाही. आपण सीट मोजतो, सात झाल्या की समाधान.

मी घरी कागद घेतला आणि सात जणांची नावं सीटवर लिहायला बसलो. मी गाडी चालवणार. मुलीची चाइल्ड सीट लागणार दुसऱ्या रांगेत, कारण चाइल्ड सीट पक्की बसवायचे आयसोफिक्सचे हूक बहुतेक गाड्यांत तिथेच असतात. आईचे गुडघे दुखतात, ती दुसरी सीट पाडून, कमरेत वाकून मागे जाऊच शकत नाही. आजी ७८ वर्षांची, तिचा प्रश्नच नाही. बाबा म्हणाले, मी बसतो. शोरूममध्ये बसून पाहिलं तर गुडघे छातीला लागले. पाच मिनिटांनी त्यांना बाहेर काढायला मला हात द्यावा लागला. उरले दोघं, बायको आणि भाऊ. भाऊ सहा फूट.

म्हणजे ज्या सात सीटसाठी आपण काही लाख जास्त मोजणार, त्यातल्या दोन सीटवर बसू शकणारी घरात दोनच माणसं, आणि त्यातल्या एकाची मान छताला टेकणार.

यात अजून एक गोम आहे, जी आम्हाला प्रत्यक्ष करून पाहिल्यावरच कळली. तिसऱ्या रांगेत जायला दुसऱ्या रांगेची सीट पुढे पाडावी लागते. त्याच सीटवर चाइल्ड सीट बांधलेली असेल तर ती पाडता येत नाही. दर वेळी चाइल्ड सीट सोडा, सीट पाडा, माणूस आत घाला, परत बांधा. दुसऱ्या रांगेत दोन सुट्या सीट असतील, ज्यांना कॅप्टन सीट म्हणतात, तर मधून वाट मिळते. पण मग गाडी सात नाही, सहा सीटची होते. आमचा हिशोब तिथेच कोलमडला.

मळमळीचं पण बोलूया, कारण कोकणात जाणाऱ्यांना तो विषय टाळता येत नाही. मळमळ होते ती डोळे आणि कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग यांचं पटत नाही म्हणून. कान म्हणतो आपण हलतोय, डोळ्यांना समोर नुसती सीटची पाठ दिसते. तिसरी रांग मागच्या चाकांच्या जवळपास वर असते, गाडीच्या मध्यापासून लांब, त्यामुळे खड्ड्याचा उसळा तिथे जास्त बसतो. वर खिडकी लहान, समोरचा रस्ता दिसत नाही. घाटात मागच्याला आधी उलटी होते ती यामुळे. तिथे एसीची झडप वेगळी आहे का आणि पंख्याचा वेग तिथूनच कमीजास्त करता येतो का, हे नक्की पाहा.

सात माणसं की सामान?

आता डिकी. २०२१ च्या सफारीत तिन्ही रांगा उभ्या असताना डिकीत जागा उरते ७३ लिटर. तिसरी रांग पाडली की ४४७. क्रेटाची डिकी ४३३ लिटर, कायम.

लिटरमध्ये कळत नाही म्हणून मी वेगळं माप लावलं. ऑफिसात पिण्याच्या पाण्याचे २० लिटरचे जार असतात ना, तसे साडेतीन जार म्हणजे ७३ लिटर. सात माणसं चार दिवसांसाठी गावाला निघालीयत, परतताना नारळ, फणसाचे गरे, तांदूळ आणि आईने माहेरून आणलेलं काय काय, आणि जागा साडेतीन जारांची. मग सामान कुठे? टपावर कॅरिअर, नाहीतर माणसांच्या मांडीवर. म्हणजे परत तेच, अॅडजस्ट.

म्हणून म्हणतो, बऱ्याच मोठ्या एसयूव्हींमध्ये सात माणसं मावतात किंवा पाच माणसं आणि भरपूर सामान मावतं. सात माणसं आणि सात माणसांचं सामान मावत नाही.

कुणी म्हणेल, मग करायचं काय, आमच्याकडे तर रोजची सात माणसं आहेत. रोजची असतील तर एसयूव्हीचा हट्ट सोडून एमपीव्ही बघा. इनोव्हा हायक्रॉसचं पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर २,८५० मिलिमीटर, सफारीचं २,७४१. हायक्रॉसमध्ये तिन्ही रांगा उभ्या असताना ३०० लिटर डिकी उरते. उंच बॉनेट आणि दणकट चेहरा यांत जागा खर्च न करता ती माणसांना दिलीय, एवढंच. अर्टिगा, कॅरेन्स यांचाही विचार तसाच करा. दिसायला रुबाब कमी, पण मागे बसणाऱ्याला रुबाब दिसत नाही.

सुरक्षेचे तारे नीट वाचा

२०२३ पासून आपल्याकडे भारत एनकॅप सुरू झालं, त्यामुळे गाडीला तारे किती हे आता सगळे विचारतात. छान झालं. पण दोन गोष्टी लक्षात ठेवा.

एक, तारे दोन प्रकारचे असतात. मोठ्या माणसांसाठी वेगळे, मुलांसाठी वेगळे. २०२१ मध्ये ग्लोबल एनकॅपने एक्सयूव्ही ७०० ला मोठ्यांसाठी पाच आणि मुलांसाठी चार तारे दिले होते. जाहिरातीत मोठा आकडाच ठळक असतो. घरात लहान मूल असेल तर दुसराही विचारा.

दोन, आणि हे महत्त्वाचं. समोरून धडकवण्याच्या चाचणीत मोठ्या माणसांचे पुतळे पुढच्या दोन सीटवर असतात आणि लहान मुलांचे दुसऱ्या रांगेत. तिसऱ्या रांगेत कुणीच नसतं. म्हणजे सात सीटच्या गाडीला पाच तारे मिळाले तरी ते तारे शेवटच्या दोन सीटबद्दल काही सांगत नाहीत. तिथे तुम्ही स्वतः पाहायचं: बेल्ट खांद्यावरून येणारा तीन बिंदूंचा आहे का, डोक्यामागे हेडरेस्ट आहे का, बाजूच्या पडद्याची एअरबॅग तिथपर्यंत येते का, आणि बसलेल्याचं डोकं आणि मागची काच यांत किती वीत अंतर उरतं.

आता मांडीवरच्या मुलाचं. हा हिशोब मी टाके पडल्यानंतर केला, आधी करायला हवा होता. ताशी ४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला साधारण ११ मीटर. गाडी धडकून एक दशांश सेकंदात थांबली तर १२ किलोच्या मुलाचा पुढे जाण्याचा जोर सव्वाशे किलोच्या वर जातो. सव्वाशे किलो कोण धरू शकतं हातात? आमची गाडी तर धडकलीही नव्हती, नुसता ब्रेक होता, तरी सुटली. मोटार वाहन कायद्यात १४ वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा चाइल्ड सीट न लावता नेल्यास १,००० रुपये दंड आहे, कलम १९४-ब. दंड होतो की नाही हा वेगळा विषय. मला दंडाची भीती आता राहिलेली नाही, मला तो हेडरेस्टचा दांडा दिसतो.

पार्किंग आणि गडगा

टेप घ्या आणि खाली जा. आमच्या सोसायटीत दोन खांबांमध्ये जागा आहे २.५ मीटर. एका बाजूला १० सेंटिमीटर सोडून गाडी लावली, तर क्रेटाच्या रुंदीच्या गाडीला दुसऱ्या बाजूला ६१ सेंटिमीटर उरतात आणि सफारीच्या रुंदीला ४८. हे आरसे न धरता. ६१ मध्ये आई दार उघडून उतरू शकते. ४८ मध्ये तिला आधी बाहेर उतरवून मग गाडी आत घ्यायची, पावसात सुद्धा. मेकॅनिकल पार्किंग असेल तर त्यावरच्या पाटीवर लांबी, उंची आणि वजनाची मर्यादा लिहिलेली असते, ती वाचल्याशिवाय बुकिंगचे पैसे भरू नका.

गावाकडचंही माप घ्या. आमच्या वाडीत शेवटच्या वळणाला दोन्ही बाजूंनी चिऱ्याचा गडगा आहे. भावाने गणपतीतच मोजलं होतं, २ मीटर ३५. मोठी गाडी जाते, पण आरसे मिटून आणि पुढे एकाला उभं करून.

आणि चढण्याची उंची. स्कॉर्पिओ-एन, फॉर्च्युनर या गाड्या ट्रकसारख्या वेगळ्या सांगाड्यावर बसवलेल्या, त्यामुळे त्यांची जमीन उंच. कच्च्या रस्त्याला, ओढून न्यायला मस्त. पण आजीला फोनवर सांगितलं मोठी गाडी बघतोय, तर ती म्हणाली, “माझ्यासाठी मोठी नको बाबा, मला चढता येईल अशी घे.” सहा महिन्यांतला सगळ्यात कामाचा सल्ला तोच. सीट आपल्या कमरेच्या उंचीला असेल तर म्हातारं माणूस नुसतं टेकतं आणि पाय आत घेतं. त्याहून उंच असेल तर चढावं लागतं, खाली असेल तर उठताना गुडघ्यांवर भार येतो.

पैशांचं

आता माझ्या आवडीचा भाग. उदाहरण म्हणून १७ लाखांची पेट्रोल मिडसाइझ आणि २३ लाखांची डिझेल मोठी गाडी धरू. फरक दिसतो सहा लाख. तेवढाच नसतो.

जीएसटीत आता फरक नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपेक्षा लांब गाड्यांना सरसकट ४० टक्के, त्यामुळे दोन्ही एकाच माळेत. पण महाराष्ट्रातला रस्ता कर बघा. पेट्रोलला १० ते २० लाखांच्या गाडीवर १२ टक्के आणि २० लाखांच्या वर १३. डिझेलला तेच १४ आणि १५. म्हणजे पहिल्या गाडीला २,०४,००० आणि दुसरीला ३,४५,०००. इथेच १,४१,००० चा फरक.

विम्यातही एक रेघ आहे, १,५०० सीसीची. २०२२ च्या दरपत्रकात नव्या गाडीचा तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा १,००० ते १,५०० सीसीला १०,६४०, आणि १,५०० च्या वर २४,५९६ रुपये आहे. क्रेटाचं पेट्रोल इंजिन १,४९७ सीसीचं, सफारीचं डिझेल १,९५६ चं. कळलं ना एक कुठल्या बाजूला आणि दुसरं कुठल्या?

सगळं धरून फरक साडेसात लाखांच्या आसपास जातो. तेवढं जास्तीचं कर्ज ९ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलं तर महिन्याचा हप्ता साडेपंधरा हजारांनी वाढतो. वर्षाला १,८६,०००. इंधन, टायर, सर्व्हिसिंग यांतला फरक मी धरलेलाच नाही.

आता दुसरी बाजू. मी तीन महिने वहीत नोंद ठेवली. गाडी जेव्हा जेव्हा निघाली तेव्हा आत किती जण होते, एवढंच. ११८ फेऱ्या झाल्या. त्यातल्या ९० च्या वर फेऱ्यांत एक ते तीन माणसं. सहा किंवा सात माणसं फक्त पाच फेऱ्यांत.

आमच्या धंद्यात याला सोपं उत्तर आहे. दिवाळीच्या सेलला वेबसाइटवर दहापट गर्दी होते म्हणून कुणी वर्षभर दहापट सर्व्हर विकत घेऊन ठेवत नाही. त्या चार दिवसांपुरते भाड्याने घेतात. गावाला जायला सात सीटची गाडी ड्रायव्हरसकट भाड्याने घेतली तर आम्हाला एका वेळचे दहा हजारांच्या आसपास सांगितले, म्हणजे जाऊन-येऊन वीस. वर्षातून तीन वेळा नेली तरी साठ हजार.

बाबांना मी हे मोठ्या उत्साहाने दाखवलं. त्यांनी वही मिटली आणि म्हणाले, “त्या पाच फेऱ्यांतच टाके पडले.”

बरोबर होतं त्यांचं. सरासरीने गाडी घ्यायची नसते. ज्या फेऱ्या कमी होतात त्याच लांबच्या, घाटाच्या, पावसाच्या आणि रात्रीच्या असतात. भाड्याचा हिशोब तेव्हाच खरा, जेव्हा आपण खरोखर भाड्याने गाडी आणतो. आपण काय करतो? हिशोब करून पाच सीटची घेतो, आणि गणपतीत दहा हजार वाचवायला त्यात सात जण कोंबतो. स्वस्त पर्याय निवडायचा आणि त्याची किंमत मांडीवरच्या पोराने द्यायची.

म्हणून आम्ही गाडी ठरवायच्या आधी घरात नियम ठरवला. जितके बेल्ट तितकीच डोकी. मूल सुद्धा एक डोकं. सहावं माणूस आलं की दुसरी गाडी, ट्रेन नाहीतर एसटी. चिपळूणला कोकण रेल्वे जाते, एसटी तर जातेच, आणि आजीला ७५ च्या पुढची म्हणून एसटीचं तिकीटही नाही. हा नियम पाळता येणार असेल तर मिडसाइझ पुरते. पाळता येणार नसेल, पाहुण्यांना नाही म्हणणं जमणार नसेल, तर मोठीच घ्या, पैसे गेले तरी चालतील. हे मी मनापासून सांगतोय.

चाचणी भरून घ्या

बाबांचं एक वाक्य आहे: “गाडी रिकामी चालवून कळत नाही, भरून चालवायची.” शोरूमवाले आपल्याला एकट्याला पुढे बसवतात, मोकळ्या रस्त्यावर दोन किलोमीटर फिरवतात, आणि स्क्रीन किती इंची हे सांगतात.

आम्ही शनिवारी सकाळी सगळे गेलो. आई, बाबा, बायको, मुलगी, तिची चाइल्ड सीट आणि गावाला नेतो त्या तीन बॅगा. सेल्समनचा चेहरा पाहण्यासारखा होता. पण चाइल्ड सीट लावल्यावर मागे दोन बायका बसू शकतात का, हे दुसऱ्या कुठल्याच पद्धतीने कळलं नसतं. आम्ही पाहिलेल्या मिडसाइझ गाड्यांपैकी एकीत आईचा खांदा दाराला आणि बायकोचा चाइल्ड सीटला घासत होता. दहा मिनिटांत दोघी वैतागल्या. दुसरीत बसता आलं. कागदावर दोन्हींची रुंदी जवळपास सारखीच होती.

तुम्ही जाल तेव्हा अर्धा तास तरी मागा. चढावर थांबवून पुन्हा निघून पाहा. घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला तीनदा चढवा-उतरवा. चाइल्ड सीट स्वतः बांधा. वजनाचा हिशोबही करा. सात माणसं सरासरी ६५ किलोची धरली तरी ४५५ किलो होतात, वर सामान. गाडीच्या पुस्तिकेत जास्तीत जास्त भरलेलं वजन आणि रिकाम्या गाडीचं वजन दिलेलं असतं, त्यांची वजाबाकी म्हणजे तुम्हाला भरायला मिळालेलं वजन. आणि ड्रायव्हरच्या दाराजवळच्या पट्टीवर पूर्ण भाराला टायरमध्ये हवा किती हे लिहिलेलं असतं. घाटात निघायच्या आधी ती भरून घ्या. हे फुकट आहे आणि बहुतेक जण करत नाहीत.

मग कुणी काय घ्यावं?

आठवड्यातून एक-दोनदा सहा-सात माणसं निघत असतील, किंवा दोन मुलांच्या दोन चाइल्ड सीट आणि घरात आजी-आजोबा असतील, तर तीन रांगा हव्यात. त्यातही आधी एमपीव्ही बसून पाहा. रस्ता कच्चा असेल, लांबचा प्रवास सतत असेल, सामान भरपूर आणि माणसं पाच, तर मोठी एसयूव्ही सुखाची आहे, तिसरी रांग पाडून वापरा. आणि रोजची चार-पाच माणसं, शहरातलं पार्किंग, गावाला वर्षातून तीन-चारदा, असं असेल तर मिडसाइझ, त्या नियमासकट.

आम्ही मिडसाइझ घेतली. कुठली ते मुद्दाम सांगत नाही, नाहीतर तुम्ही आईचा खांदा न मोजता तीच घ्याल. वाचलेल्या हप्त्यातून दर महिन्याला दोन हजार वेगळ्या खात्यात टाकतो, गावाच्या भाड्याच्या गाडीसाठी. परवा होळीला भाऊ आला होता. तो आणि बाबा एसटीने गेले, आम्ही गाडीने. दोघं आमच्या आधी अर्धा तास घरी पोचून चहा पीत बसले होते. बाबांनी ते आतापर्यंत चार जणांना सांगितलंय.

मुलीच्या ओठावर बारीक खूण राहिलीय. गाडीत बसल्यावर ती आता सगळ्यांचे बेल्ट तपासते, आजोबांचा दोनदा.

तर मंडळी, या आठवड्यात एवढंच करा. एक वही गाडीत ठेवा आणि दर फेरीला आत किती डोकी आहेत ते लिहा. महिनाभराने शोरूमला जा. पुढच्या भागात चाइल्ड सीट कशी निवडायची आणि ती चुकीची बांधली आहे हे कसं ओळखायचं, त्यावर बोलू. भेटू.